सवलत

"तुमचा हात लागला ना, आता ही मूर्ती तुम्हालाच घ्यावी लागेल," दादासाहेब म्हणाले. "आणि घाऊक भावात नाही. दुकानाच्या भावात."

मराठीत म्हणाले. हळू आवाजात. हसत.

मूर्ती पितळेची होती. बुद्धाची. हातभर उंच, ध्यानाला बसलेली. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच ती उचलून माझ्या हातात दिली होती. "वजन बघा ताई, मुरादाबादचं काम आहे. पातळ पत्रा नाही." मी वजन बघितलं होतं. बैठकीखालचा जोड बोटांनी चाचपला होता. तोवर माझा हात चालत होता.

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

ते उठले. मग गोदामातल्या माणसाला हाक मारून हिंदीत म्हणाले, "इसको धो के ला." त्या माणसाला कळेना. नवी कोरी, चकचकीत मूर्ती. "धूल नहीं है साहब," तो म्हणाला. "धो के ला," दादासाहेब पुन्हा म्हणाले. तो मूर्ती घेऊन मागच्या नळावर गेला. पाणी पडल्याचा आवाज आला. मी खुर्चीत बसून तो ऐकला.

मूर्ती परत आली. ओली. दादासाहेबांनी ती फडक्यानं पुसून घेतली आणि तेव्हा ते वाक्य म्हणाले. तुमचा हात लागला ना.

मी म्हणाले, "जी."

एवढंच म्हणाले. जी. आणि पर्समधून पैसे काढले. माझे स्वतःचे. ग्राहकाचे नव्हेत. मूर्ती छातीशी धरून जिना उतरले. खाली इलाइट चौराह्याची गर्दी होती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. तरी मला वाटत होतं की सगळा चौराहा बघतोय.

माझे वडील झाशीच्या रेल्वे कारखान्यात पेंटर. भुसावळहून बदली होऊन आले. मालडब्यांवर नंबर आणि अक्षरं काढायचे. आम्ही बौद्ध. मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. दाराबाहेर हिंदी आणि बुंदेली, दाराच्या आत मराठी. आईची मराठी तिच्या गावची होती. ती 'पानी' म्हणायची, 'लोनी' म्हणायची. झाशीत सगळेच पानी म्हणतात, त्यामुळे बाहेर कुणाला कळायचं नाही.

पण झाशीत दुसरीही मराठी माणसं होती. जुनी. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा फौजेबरोबर, कचेरीबरोबर इकडे आलेले. त्यांच्या घरी गणपती, हळदीकुंकू, जुने शब्द. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये तशाच घरातले एक क्लार्क राहायचे. त्यांची मुलगी माझ्याबरोबर खेळायची. एकदा खेळून दमून मी त्यांच्या दारात पानी मागितलं. तिची आई हसली. "पानी काय गं? पाणी म्हण, मग देते." मी म्हटलं. मला जमलं नाही. ती पुन्हा हसली. तिची मुलगीही हसली. तांब्या तिच्या हातातच होता. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा नीट म्हटलं, तेव्हा तिनं वरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

त्या दिवसापासून मी 'ण' घोकायला लागले. पाणी. लोणी. आणि. कोण. न्हाणीघरात दार लावून घोकायचे. मग आईला दुरुस्त करायला लागले. पुढं पुढं ती माझ्या मैत्रिणींसमोर मराठी बोलायचीच बंद झाली. हिंदीत बोलायची.

मी ग्वाल्हेरला राहून घरसजावटीचा डिप्लोमा केला. परत आले. तोवर वडिलांनी प्रेम नगरात लहानसं घर बांधलं होतं. त्याच्या पुढच्या खोलीत मी काम सुरू केलं. पाटीवर माझं पहिलं नाव आणि खाली 'इंटीरियर'. आडनाव नाही. सगळ्यांना वाटलं, फॅशन आहे.

या धंद्यात चित्र, फ्रेम, पितळेचं काम, शोभेच्या वस्तू हे सगळं आम्ही बनवत नाही. घाऊक विक्रेत्याकडून आणतो. त्याच्याशी बोलणी करावी लागतात. डिझायनरला दुकानापेक्षा भाव कमी लागतो. माल पसंतीवर मिळतो, म्हणजे ग्राहकाच्या भिंतीवर लावून बघायचा, नाही आवडला तर परत. फुटलं-तुटलं तर बदलून मिळतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, विक्रेता ग्राहकाशी परस्पर बोलत नाही. याला ट्रेडच्या अटी म्हणतात. कुठं लिहिलेल्या नसतात. तोंडी असतात. माणूस बघून ठरतात.

मला कुणी देत नव्हतं. मी नवी होते, बाई होते. दुकानातून पूर्ण भावात उचलायचे. ग्राहक म्हणायचे, मॅडम, तुम्ही महाग आहात. तसंच चाललं होतं.

मग हॉटेल आलं. शिवपुरीच्या रस्त्यावर नवं बांधत होते. मालक गरौठा भागातल्या एका खेड्यातले. शेती मोठी, बसगाड्याही होत्या. सगळे त्यांना मुखियाजी म्हणायचे. एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचं घर मी सजवलं होतं, ते बघून त्यांनी मला बोलावलं. सगळ्या खोल्यांत चित्रं, जिन्यात चित्रं, लॉबीत काहीतरी मोठं. म्हणाले, "बहनजी, ऐसो लगे कि ग्वालियर वाले देखें तो जल जाएँ." मी हो म्हणाले. हे काम घाऊक अटींशिवाय होणार नव्हतं. आणि शहरात एवढा माल एकाच माणसाकडे होता. दादासाहेबांकडे.

दादासाहेब जुन्या घरातले. आडनावाआधी घराणं सांगणारे. इलाइट चौराह्यामागं त्यांचं दुकान, वर गोदाम. पहिल्यांदा गेले तेव्हा ते फोनवर कुणाशी तरी हिंदीत बोलत होते. मध्येच त्यांच्या तोंडून "थांबा हो" निघालं. मी पण पटकन मराठीत बोलले. म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मी थांबते."

त्यांनी फोन ठेवला. चेहरा फुलला. "अहो, तुम्ही मराठी! आधी सांगायचं नाही का? या, बसा. इथं आपलं माणूस भेटतंय कुठं?"

आपलं माणूस.

घरातून चिवडा मागवला. बायकोला फोन करून सांगितलं, "अगं, एक ताई आल्या आहेत, काय सुंदर मराठी बोलतात. आपली पोरं ऐकतील तर लाजतील." माझ्याकडे वळून म्हणाले, "ण किती स्वच्छ आहे तुमचा."

मी हसले. मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही माझी मान खाली जाते. मी त्या स्तुतीनं फुलून गेले होते. मला वाटलं, घोकलं ते कामी आलं.

त्या दिवशी सगळं ठरलं. दुकानाच्या भावापेक्षा तिसरा हिस्सा कमी. माल पसंतीवर. फुटलं तर बदलून. ग्राहकाशी बोलणं फक्त माझ्यामार्फत. "आपल्यात लिहापढी कसली," ते म्हणाले. मी चौराह्यावरून प्रेम नगरपर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही, इतकी खूश होते.

आठवड्यानं माल निवडायला पुन्हा गेले. चित्रं निवडून झाली. लॉबीसाठी काय, म्हटल्यावर त्यांनी ती बुद्धमूर्ती काढली. "हल्ली हॉटेलवाल्यांना हेच हवं असतं. शांत वाटतं म्हणतात." मूर्ती माझ्या हातात होती. माझ्या घरी, माझ्या आईच्या खोलीत, बुद्धाचा फोटो आहे. ती रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते. मी ते बोलले नाही. वजन बघत राहिले.

ते गप्पांच्या सुरात म्हणाले, "वडील काय करतात?"

"रेल्वेत. कारखान्यात पेंटर आहेत."

"पेंटर?" त्यांचा आवाज जरा बदलला. "मूळ कुठले म्हणालात?"

"भुसावळकडचे."

"आडनाव?"

मी सांगितलं.

पुढचं वर सांगितलंच आहे. एक वाक्य राहिलं. मूर्ती धुऊन येईपर्यंत मी धीर करून विचारलं होतं, "आणि बाकीच्या मालाचं? आपलं ठरलं होतं ते?"

ते म्हणाले, "तुम्हा लोकांना सरकार सगळीकडे सवलत देतंच आहे. आता आमच्या दुकानातही सवलत?"

आणि हसले. गोदामातला दुसरा एक माणूस जवळ उभा होता, तोही हसला. त्याला मराठी येत नव्हतं. मालक हसला म्हणून हसला.

नव्या अटी त्यांनी तिथंच सांगितल्या. पूर्ण भाव. पैसे आधी. माल परत नाही. "आणि यायचं असेल तर मागच्या फाटकातून येत जा. तिकडून गोदाम जवळ पडतं." पहिल्या दिवशी 'तुम्ही' होतं. मागच्या फाटकापर्यंत येताना 'तू' झालं. "समजलं ना तुला?"

समजलं.

घरी आले तेव्हा वडील पुढच्या खोलीत होते. मूर्ती बघून उठले. दोन्ही हातांनी घेतली. टेबलावर ठेवली, समोर उभे राहिले, हात जोडले. आईला हाक मारली. आईनं साडीचा पदर सावरला आणि तीही उभी राहिली. "कुठून आणलीस गं?" वडिलांनी विचारलं.

"घेतली," मी म्हणाले.

"छान केलंस."

मी आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिले.

चार-पाच दिवस मी मुखियाजींचे फोन टाळले. मोबाइल नवा होता, वाजला की उशीखाली सारायचे. मग दादासाहेबांचाच फोन आला. आवाज गोड. म्हणाले, "रागावलीस की काय? धंदा आहे. मी मार्ग काढलाय. माझा भाचा तुझ्याच लाइनीत आहे. बिल त्याच्या नावावर करू. त्याला ट्रेडचा भाव लागतोच. काम तू कर. उद्घाटनाला तो उभा राहील, फोटोबिटो त्याचे. तुलाही बरं, गिऱ्हाइकालाही बरं."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

खोटं. विचार झाला होता. मनात हो झालं होतं. मी स्वतःला सांगत होते, काम महत्त्वाचं, नाव काय चाटायचंय? माझ्या पाटीवर तरी कुठं पूर्ण नाव आहे?

मी तसं कळवलं आणि हॉटेलवर सगळ्यांची भेट ठरली. लॉबीत फरशी घासायचं काम चालू होतं. शिडीवर इलेक्ट्रिशियन. सुतार दोघं. ठेकेदार. मुखियाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. दादासाहेब आले, सोबत भाचा. तरुण, इस्त्रीचा शर्ट. तो माझ्याकडे बघून नमस्कार म्हणाला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. त्याला सगळं माहीत होतं.

माणसांनी चित्रं आणून भिंतीला टेकवली. मी निवडलेलीच. ओर्छ्याच्या समाधी-छत्र्या, बेतवा नदी, जुने दरवाजे. एक फ्रेम कलंडायला लागली म्हणून मी हात पुढं केला.

दादासाहेब मुखियाजींना हिंदीत सांगत होते, "ये तो हमारी बिटिया जैसी है. मराठी है. अपने घर की." आणि त्याच सुरात, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मागं हो. हात लावू नकोस कशाला. परत परत धुवायला माझ्याकडे माणसं नाहीत."

मुखियाजींना मराठी कळलं नाही. त्यांनी विचारलं, "का कै रए?"

"कुछ नहीं," दादासाहेब म्हणाले. "घर की बात है."

मी हात मागं घेतला होता. खरंच घेतला होता. दोन पावलं मागंही झाले होते. मग ते शब्द ऐकले. घर की बात. माझ्या घरी माझी आई माझ्यामुळं मराठी बोलायची बंद झाली होती. आणि हा माणूस मला सगळ्यांसमोर मारत होता, अशा भाषेत की कुणाला मारलेलं दिसू नये. मी ती भाषा घोकून शिकले होते. म्हणून मला लागत होतं. बाकीच्यांना तो आजोबा नातीशी बोलतोय असं दिसत होतं.

मी म्हणाले, "घर की बात नहीं है."

फरशीवाल्यानं मशीन बंद केलं.

"ये कह रहे हैं, पीछे हट, सामान को हाथ मत लगा, बार-बार धोने के लिए मेरे पास आदमी नहीं हैं. इनकी दुकान में मैंने भगवान बुद्ध की मूर्ति उठाई थी. इन्होंने मेरी जात पूछी और मूर्ति नल पर धुलवाई. मैं बौद्ध हूँ. मेरे पिताजी रेलवे कारखाने में पेंटर हैं. इन्होंने कहा, तुम लोगों को सरकार छूट देती है, अब हमारी दुकान में भी छूट चाहिए?"

माझा आवाज फाटत होता. हे धैर्य वगैरे नव्हतं. ओकारी आल्यासारखं बाहेर पडत होतं.

दादासाहेब हसले. "बिटिया को गलतफहमी हुई है." आणि मराठीत, दात आवळून, "गप्प बैस. काम जाईल."

मी मुखियाजींकडे बघून म्हणाले, "अभी ये कह रहे हैं, चुप बैठ, काम चला जाएगा."

इलेक्ट्रिशियन शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिथंच थांबला. दादासाहेबांचा चेहरा पहिल्यांदा मला कोरा दिसला. तोंडाशी आलेलं मराठी त्यांनी गिळलं. मी बघितलं ते. आता ते जे बोलतील ते मी पोचवणार, हे त्यांना कळलं होतं. मग ते शुद्ध हिंदीत म्हणाले, "मुखियाजी, आप बताइए, माल चाहिए कि नहीं?"

मला वाटलं, मुखियाजी माझ्या बाजूनं काहीतरी बोलतील. खेड्यातला माणूस आहे, कष्टातून वर आलाय. ते बोलले. "बहनजी, हम तो जो सब जानत नइयाँ. हमें तो काम टैम पे चानें. कारड छप गए." उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यांना काम वेळेवर हवं होतं. मग काम तो करेल का म्हणून भाच्याकडे वळून विचारलं, "तुम कर लैहो?"

भाचा म्हणाला, "जी."

माझाच शब्द. दुसऱ्याच्या तोंडात.

मी माझे नकाशे गुंडाळले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून पदर तोंडात धरला. जिंकल्यासारखं काहीही वाटलं नाही. हॉटेल गेलं. मी निवडलेली चित्रं भाच्याच्या नावानं लागली. पुढं शहरात बोललं गेलं, ती बाई भांडखोर आहे, गिऱ्हाइकासमोर तमाशा करते. दोन कामं त्यामुळं सुटली. डॉक्टरीणबाईंनी फोन केला, "इतना तो चलता है, बोलना नहीं था."

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. शेवटी त्यांनी विचारलं, "धुतली?"

मी मान हलवली.

ते उठले. दारात जाऊन उभे राहिले. पाठमोरे. "तू बोलायला नको होतंस," ते म्हणाले. "काम तर हातात ठेवायचं होतं." मला राग आला. मग त्यांची पाठ बघितली आणि राग उतरला. ती पाठ नोकरीभर असंच ऐकून घेत आली होती. कारखान्यात त्यांना काय काय म्हटलं गेलं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मी विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे."

मी जाऊ देणार नाही.

आज मी माल आणायला ग्वाल्हेरला जाते, कानपूरला जाते. पॅसेंजर गाडीनं जाते, येताना गठ्ठे मांडीवर. काही ठिकाणी अटी मिळतात. काही ठिकाणी अजूनही पूर्ण भाव लागतो, आणि का लागतो ते मला कळतं, त्यांनाही कळतं. कानपूरच्या एकानं मला 'अगले महीने आइए' सांगितलं, ते महिने संपतच नाहीत. माझी कामं लहान आहेत. मोठं होईल की नाही, माहीत नाही.

पण मी एक ठरवलंय. कुठल्याही दुकानात, बसायच्या आधी, भाव विचारायच्या आधी, मी माझं पूर्ण नाव सांगते. वडिलांचं नाव, आडनाव, धर्म. सांगताना आजही कानशिलं तापतात. लाज मेलेली नाही माझी. ती घेऊनच सांगते. समोरच्याचं तोंड वाकडं व्हायचं असेल तर ते आधी होऊ दे, चहा येण्याआधी. मला कुणीतरी दुसरी समजून दिलेला भाव मला नको. आणि ज्याला माझ्या तोंडावर बोलायचं असेल त्यानं बोलावं, मात्र कुठल्याही भाषेत बोलला तरी मी ते खोलीतल्या शेवटच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगणार. मोठ्यानं. काम राहो, न राहो.